न नासणारा माल

वडील नागपूरच्या संत्रा बाजारात अडत्या होते. बागायतदारांचा माल लिलावात विकून द्यायचा आणि त्यावर अडत घ्यायची, हा त्यांचा धंदा. ढिगाला हात न लावता, नुसत्या वासावरून आतलं नासकं फळ ते ओळखत. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मला भलतंच वेड लागलं होतं. मेमरी चिपचं.

नखाएवढ्या तुकड्यात एवढे आकडे साठतात तरी कसे, या एका प्रश्नानं मला झपाटलं होतं. पर्समध्ये एक चिप मी देवाच्या टाकासारखी बाळगत असे. दक्षिणेतल्या एका नव्या कंपनीनं चिपा करायला घेतल्या, तेव्हा पगारातून साठवलेलं सगळं मी तिच्या शेअरांत घातलं. नागपुरातल्याच नंदनवन वस्तीत एक प्लॉट बघून ठेवला होता. मला लग्न करायचं नव्हतं, आणि पुढं भावांच्या दारात राहायचंही नव्हतं. त्यासाठी तो प्लॉट हवा होता.

शेअर छान चढले. मग परदेशातल्या कारखान्यांनी चिपांचा पूर आणला आणि भाव गडगडले. मुंबईचं वर्तमानपत्र आमच्याकडे दुसऱ्या दिवशी येई, त्यात माझा शेअर रोज थोडा खाली. तरी अजून विकला असता तर प्लॉट येत होता, आणि प्लॉटवाला दसऱ्यापर्यंत थांबायला तयार होता. मी सीताबर्डीच्या शेअर दलालाकडे निघाले, तर वडिलांनी दारातच अडवलं.

“थांब वं. ते चिप का काय, दाखव तं मले.”

मी पर्समधली चिप त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती दाबली, मग नाकाशी नेली. मला हसू आवरेना.

“हे नासते का?”

“नाही, बाबा. वर्षानुवर्षं राहते.”

“मंग इकाची घाई काहून करून राहिली? नासणारा माल सांजच्या आत काढा लागते. न नासणाऱ्याले काय धाड भरली? ठेव. मंदी सरन, भाव येईन.”

उभा जन्म तेजी-मंदी पाहिलेला माणूस बोलत होता. मला पटलं. शिवाय मंदी ओसरते कशी, हे मला बघायचंच होतं. मी चपला काढून घरात आले.

मंदी ओसरली, तेवढं त्यांचं खरं ठरलं. मागणी परत आली, पण ती नव्या चिपेला. आकार तोच, साठवण चौपट. आमच्या कंपनीची जुनी चिप कोणी फुकट घेईना. कंपनीला टाळं लागलं. प्लॉट तर दसऱ्यालाच दुसऱ्याचा झाला होता.

खटपट करून मी एक नवी चिप मिळवली आणि जुनीशेजारी वडिलांपुढं ठेवली. राग होता मनात. पण आता हे काय म्हणतील, याची उत्सुकता रागाहून मोठी होती. त्यांनी दोन्ही चिपा आळीपाळीनं हुंगल्या. पुन्हा हुंगल्या.

“दोन्हीचा वास एकच हाये वं. नासलेली कोणती?”

मी जुनीवर बोट ठेवलं.

“माह्या नाकानं तुह्यं घर गेलं,” ते म्हणाले, आणि ती चिप त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

त्यानंतर लिलावात मी त्यांना संत्रं हुंगताना कधी पाहिलं नाही. ते सोलून बघत.