विळ्यावरचं तांबं

संत्र्याच्या बागेत फवारणीची तयारी चालली होती. भावाने ड्रममधल्या मोरचूद-चुन्याच्या निळ्या पाण्यात, मिश्रण जमलं का बघायला, विळा बुडवून वर काढला. पात्यावर तांबूस थर चढला होता. "चुना कमी पडला," तो म्हणाला. ओल्या लोखंडाचा वास नाकात शिरला आणि मला अकरावीचा वर्ग आठवला. राग अजून तसाच आहे.

सरांनी फळ्यावर लिहिलं होतं: ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण. मी हात वर केला. "सर, आमच्या वावरात मोरचुदात विळा बुडवला का त्याले तांबं चढते. तिथं ऑक्सिजन कुठून येते?"

सरांनी खडू ठेवला. "काऊन, तुह्या बापाच्या वावरात लॅब हाय का? उभी राय!"

वर्ग खिदळला. तास संपेपर्यंत मी उभी होते, कानशिलं तापलेली, नजर पुस्तकात. पुढच्याच पानावर उत्तर होतं. लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतं, ते ऑक्सिडीकरण. मोरचुदातलं तांबं ते इलेक्ट्रॉन घेऊन पात्यावर बसतं, ते क्षपण. ऑक्सिजन लागतच नाही. सरांनी ते पान उलटलंच नव्हतं.

त्यानंतर मी वर्गात कधी हात वर केला नाही. आता हिंगणघाटला रसायनशास्त्र शिकवते. परवा एका लग्नात तेच सर भेटले आणि चारचौघांत म्हणाले, "हिले मीच घडवलं."

विळा उन्हात लाल चमकत होता. चढलेलं तांबं सगळ्यांना दिसतं. त्याच्या बदल्यात पाण्यात गेलेलं लोखंड माझं होतं, सर. तुमचं काही गेलं नाही.