टिटवाळ्याच्या बीमला कंबर आहे

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानपाड्याच्या एका वर्कशॉपमध्ये उभी होते. वेल्डिंगचा चरचराट चाललेला, आणि तिची लेक प्रज्ञा काय बोलतेय ते मला आधी कळेचना. "मावशी, आई गेली गं..." बाहेर रस्त्यावर आले, तिला पुन्हा बोलायला लावलं, आणि खरं सांगते, मला रडू आलं नाही, राग आला. आदल्याच संध्याकाळी बाई मला फोनवर झापत होती, की बीमच्या सांध्याचा फोटो तिरका काढलायस, उद्या जाऊन सरळ काढ. मी त्या फोटोसाठीच तिथे गेलेले. आता तो पाठवू कुणाला? झोपेतच हार्ट अटॅक. लोक म्हणाले, सुखाने गेली. कसलं डोंबलाचं सुख! तिला कुणी विचारलं असतं तर तिने भांडून आणखी वीस वर्षं मागून घेतली असती.

आम्ही सिव्हिलच्या वर्गातल्या दोनच मुली. ती कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समधली, मी डोंबिवलीची. सर्व्हेच्या तासाला सरांनी आम्हा दोघींना झाडाखाली बसवलं, म्हणे मुलींनी नुसते आकडे लिहून घ्या. सुमन उठली, म्हणाली, "सर, दुर्बिणीतून आम्हालाही दिसतं," आणि सरळ उन्हात जाऊन यंत्रापाशी उभी राहिली. पुढे आम्ही डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्राच्या वरच्या खोलीत ऑफिस थाटलं, इमारतींचा सांगाडा डिझाइन करून देण्याचं. आजूबाजूला सगळे काँक्रीट ओतत होते आणि ही स्टील आणि लाकडाच्या मागे. "हलकं बांध गं," म्हणायची, "जितकं वजन डोक्यावर घेशील, तितका भूकंप तुला जोरात हलवणार." समोरचा माणूस हसून विचारायचा, इथे कुठला भूकंप येतोय मॅडम? तिचं उत्तर ठरलेलं होतं, "तो काय तुमची परवानगी काढून येणार आहे?"

कुठल्याही हॉलमध्ये शिरली की ती आधी वर बघायची, बीम खांबाला मिळतो त्या जागी. माणसं मागाहून. माझ्या मुलीच्या लग्नात नवरानवरी स्टेजवर उभे, आणि ही मान वर करून भिंतीच्या कडेने फिरतेय. मी म्हटलं, "सुमे, जावई इकडे आहे." म्हणाली, "थांब गं, जावई काही पडणार नाही."

तिच्या सगळ्या कामाचं सार एका खडूत आणि केसांच्या एका पिनेत होतं. अंबाड्यातली पिन काढायची, शेजारी खडू ठेवायचा. खडू वाकवायला जायचं की तो तडकन तुटायचा. पिन वाकायची, उलटी वाकायची, पुन्हा वाकायची... तुटायची नाही. "मोठा भूकंप आला की इमारतीत काहीतरी वाकणारच," ती सांगायची. "ते कुठे वाकायचं हे मी ठरवणार, भूकंपाने नाही." म्हणून खांबापासून हातभर अंतरावर ती स्टीलच्या बीमच्या वरच्या-खालच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी गोलसर कापून घ्यायची. तिथे बीम मुद्दाम बारीक. आमच्या ऑफिसात त्याला कंबर म्हणत. धक्का आला की बीम कंबरेत वाकेल, जोर तिथेच जिरेल, खांब आणि सांधा शाबूत राहील, माणसं चालत बाहेर येतील. लाकडाचंही तसंच. लाकूड वाकत नाही, फाटतं, म्हणून ती मोजक्या जाड बोल्टांऐवजी पुष्कळ बारीक बोल्ट घालायची, वाकायचं काम त्यांच्याकडे. सुतार कुरकुरायचे. ती त्यांना चहा पाजायची आणि बोल्ट बारीकच घालून घ्यायची.

टिटवाळ्याचं बुद्धविहार हे तिचं लाडकं काम. वस्तीतल्या लोकांनी कितीतरी वर्षं बोलून बोलून शेवटी बांधायला घेतलं होतं, खाली स्टीलचा सांगाडा, वर सागवानी छप्पर, आणि संध्याकाळी पोरांची अभ्यासिकाही त्याच हॉलमध्ये बसणार होती. स्टीलचं काम होतं मानपाड्याच्या म्हात्रेंकडे. आगरी माणूस, हात सोन्याचा आणि जीव लावणारा. बीम साइटवर उतरले त्या दिवशी आम्ही दोघी गेलो, तर म्हात्रे फुलून उभे. "बाय, तुमचे ड्रॉइंगमधी चूक झाली व्हती. बीम कुरतडल्यासारखा झाला व्हता. देवाचा काम हाय, कच्चा कसा ठेवू? मी प्लेटा मारून सगला भरून टाकला. आता हत्ती टांगा!"

बीमना कंबर राहिलीच नव्हती! माणसाने प्रेमाने, पदरमोड करून, आमची सगळी युक्ती वेल्डिंगखाली गाडून टाकली होती. सुमनचा चेहरा मी बघितला आणि दोन पावलं मागे सरले. "म्हात्रे," ती म्हणाली, "तुम्ही बीम पक्का केलात आणि सांधा मारलात. आता धक्का आला की बीम वाकणार नाही, खांबाजवळचा जोड खडूसारखा तुटेल. छप्पर पोरांच्या डोक्यात येईल." म्हात्रे म्हणाले, प्लेटा कापून काढतो. ती म्हणाली, वेल्डिंगने भाजलेल्या पोलादाचा मला भरवसा नाही, नवीन बीम करा. कमिटीचे लोक मध्ये पडले, ताई, एवढं काय, चाललंय की. तिने प्लास्टिकची खुर्ची ओढली, खांबांच्या मधोमध ठेवली, डबा उघडला आणि बसली. "नवे बीम चढल्याशिवाय छपराचं एक लाकूड वर जाणार नाही." रोज येऊन बसायची. भाजी सगळ्यांना वाढायची, पण हटायची नाही. म्हात्रे तिच्याशी बोलेनासे झाले, पण बीम त्यांनी नवे केले, कंबरेसकट, आणि कंबरेच्या कडा अशा गुळगुळीत घासून दिल्या की तिने त्यांच्यासमोर हात जोडले.

तिचं पुण्यानुमोदन त्याच हॉलमध्ये झालं. पांढऱ्या कपड्यांत वस्ती बसलेली, तिच्या फोटोपुढे मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील झालं, मग आदरांजलीची भाषणं. मी आत आले तीच वर बघत, आता ही खोड मलाही लागली आहे. कमिटीचे नवे अध्यक्ष बोलायला उठले, तरुण, तळमळीचा मुलगा. म्हणाला, "ताईंनी आपल्याला हे विहार दिलं. फक्त बीमच्या त्या कापलेल्या जागा राहून गेल्यात, येणारे-जाणारे विचारतात. ताईंच्या स्मरणार्थ आपण तिथे जाड प्लेटा बसवून त्या भरून घेऊ, आणि प्रत्येक प्लेटवर ताईंचं नाव कोरू." सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं... माझ्या अंगाची आग झाली.

आदरांजलीच्या सभेत ओरडू नये, हे मला कळतं. मी ओरडलेच. "एक प्लेट लावून दाखवा! तिचं नाव कोरून तिचंच काम बुजवताय?" अध्यक्ष बिचारा गोरामोरा झाला, म्हणाला, "मावशी, मजबूतच करतोय ना..." मग मी पुढे गेले. अभ्यासिकेच्या फळ्याखालचा खडू उचलला. पिनेसाठी डोक्याला हात लावला तर काय, माझे केस बारीक कापलेले! हसू की रडू कळेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका आजीने अंबाड्यातली पिन काढून पुढे केली, "घे गं बाय." मी खडू मोडला. पिन वाकवली, उलटी वाकवली, पुन्हा वाकवली, आणि तिचे शब्द तिच्याच फोटोसमोर म्हटले, की वाकायचं कुठे हे आपण ठरवायचं. मागून म्हात्रे उठले, आता काठी घेऊन चालतात. "पयल्यांदा मीच भरल्या व्हत्या त्या," म्हणाले, "आता कोनी हात लावला त मी येऊन खुर्ची टाकून बसेन."

अध्यक्षाने बराच वेळ वर बघितलं. मग विचारलं, "मग मावशी, ताईंचं नाव लावायचं तरी कुठे?" मी म्हटलं, दारावर लाव, फळ्यावर लाव, कुठेही लाव, त्या जागेवर रंगाशिवाय काही नको. नाव हॉलच्या दारावर लागलं.

मी अजून जाते, वर्कशॉपचं काम आटपलं की. पोरं मोठ्याने वाचत असतात, आजीची पिन माझ्या पर्समध्ये असते, ती मी परत केलेली नाही आणि तिनेही मागितलेली नाही. परवा एक पाहुणे आलेले, मान वर करून म्हणाले, "अहो, हे बीम कुणी कापले हो असे?"

"आमच्या सुमीने," मी म्हटलं. "आणि भरून दाखवाच कुणीतरी!"