मनुका वेचणारा कावळा

ओट्सची बिस्किटं भाजून खिडकीत निवायला ठेवली, तर एक कावळा आला आणि त्याने त्यातल्या मनुका तेवढ्या वेचून खाल्ल्या. माझी ताई अशीच खायची आणि वर म्हणायची, "मनुका घालताना हात आखडता घेतलास ना? सख्ख्या बहिणीशीही धंदाच कर तू." ही बिस्किटं विकूनच मी घर उभं केलं. तिचं बोलणं मला फार लागलं. मी अबोला धरला, आणि त्यातच ती गेली.

परवा तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे हात जोडून वचनं देत होते. मी हात जोडले नाहीत. टोचून बोलली होती ती, मी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

आजचा हा कावळा मात्र खिडकीतून हलेना. भांड्यातल्या उरलेल्या पिठाकडे मान वाकडी करून बघत राहिला.

"अजून एक मूठ घालते," मी म्हणाले. "बरं, दोन."

गेलेली माणसं घासाघीस कुठे शिकतात कोण जाणे. काही न बोलता आपल्यालाच भाव वाढवायला लावतात. मी चिडून मनुकांची अख्खी पिशवी पिठात उपडी केली. तेव्हा तो उडाला.

अशी बिस्किटं कुणी विकत घेणार नाही. मी ती भाजायला ठेवली.