माझ्या नावाचं पदक

सहदेवरावांची आणि माझी पहिली ओळख झाली ती आमच्या गावच्या घरात, बाळंतिणीच्या खोलीत. आईच्या मांडीवर जिथे माझी जागा होती, तिथे एक लालबुंद, मिटल्या डोळ्यांचा जीव झोपला होता. मी म्हणे बोट दाखवून विचारलं, "ह्यो परत कधी जातलो?" आई ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. मला त्यात हसण्यासारखं आजही काही दिसत नाही.

सहदेवरावांच्या गौरवग्रंथाच्या मंडळींनी लेख मागितला तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, की बाबांनो, मी भिकाजी, त्यांचा सख्खा थोरला भाऊ. मला त्यांचा जन्मभर हेवा वाटत आलाय आणि त्यांची साठी आली म्हणून तो काही कमी झालेला नाही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. मंडळाचे चिटणीस म्हणाले, "काका, हवं ते लिहा, फक्त आदरार्थी बहुवचन सोडू नका." म्हणून ज्यांना मी लहानपणी कानाला धरून विहिरीवर आंघोळीला नेत असे, त्यांना आज 'ते' आणि 'त्यांनी' म्हणतो आहे. करणार काय!

त्यांचं काम आपण सारे जाणताच. गेली कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी ते आमच्या लालबागच्या चाळीच्या व्यायामशाळेत सतरंजी टाकून बसतात. वरळीच्या बीडीडी चाळींतून, घोडपदेवहून, पार शीवहून म्हातारे शिपाई येतात. कुणाच्या कागदावर आडनावाच्या जागी गावाचं नाव पडलंय, कुणाचं जखमी झाल्याचं लिहायचंच राहिलंय, कुणी आघाडीवर मिळवलेलं पदक दुसऱ्याच्याच खात्यात जमा झालंय. सहदेवराव प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेतात, अर्ज लिहितात, कचेरीत सोबत जातात. एकदा घोडपदेवचे एक आजोबा पदक लावून आले आणि दाराशीच ताठ उभे राहून रडायला लागले. सगळी चाळ बघायला जमली. आमच्या सौभाग्यवतींनी डोळे पुसत माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी उठून पान खायला निघून गेलो. कागद दुरुस्त करायचं हे वेड त्यांना लागलं ते स्वतःच्याच कागदापासून, आणि त्या कागदावर नाव होतं माझं. ती हकिगत माझ्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो.

महायुद्धाचे दिवस होते. तालुक्याच्या गावी लष्कराची भरती आली. मी गेलो. उंची भरली, छाती भरली, नाव लिहून घेतलं, आठवड्याने हजर व्हा म्हणाले. आठ दिवस मी गावात मान वर करून फिरलो. आणि नेमका आयत्या वेळी हिवताप! असा ताप, की मला शुद्ध नव्हती. आमचे बाबा तेव्हा गावी आले होते; त्यांची सारी हयात परळच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवण्यात गेलेली. गिरणीत ज्याचा साचा तो आजारी पडला तर त्याच्या जागी बदलीवाला उभा राहतो. मूळ माणूस बरा होऊन आला की बदलीवाला बाजूला होतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाबांनी तोच न्याय सरकारी पलटणीला लावला. म्हणाले, "नाव दिलेला आसा, माणूस जावक व्हयो. सहदेव, तू जा. भिको बरो झालो काय तुका सोडवूक येतलो." आणि सहदेवराव माझं नाव सांगून माझ्या जागी भरती झाले. मी अंथरुणात बडबडत होतो, मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

ताप उतरल्यावर मी खरोखर भाकरी बांधून घेतली आणि माझी जागा घ्यायला तालुक्याला गेलो. तंबू उठलेले, पोरं मोटारींत बसून बेळगावकडे गेलेली. तिथल्या एका पेन्शनर हवालदाराला मी भोळेपणाने सगळं सांगितलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे गाढवांनो, ही काय गिरणी वाटली? गप घरी जा. तोंड उघडलंस तर दोघे तुरुंगात जाल." मी तिथेच मोटारतळावर बसून ती भाकरी खाल्ली आणि रडलो. माझी लढाई ते घेऊन गेले होते.

पुढे मी मुंबईला येऊन बाबांच्या गिरणीत लागलो आणि लालबागच्या आमच्या खोलीत संसार थाटला. तिकडे माझं नाव ब्रह्मदेशात लढत होतं. देश स्वतंत्र झाल्यावर ते काश्मीरलाही गेलं. तिथल्या एका बर्फाळ चौकीवर मारा चालू असताना सहदेवरावांनी जखमी सोबत्यांना एकेक करून पाठीवर घेतलं आणि खाली आणलं. शेवटच्या खेपेला खांद्यात गोळी बसली, तरी पाठीवरचा माणूस टाकला नाही. सरकारने शौर्यपदक जाहीर केलं. पेपरात नाव आलं, बापाच्या नावासकट, गावाच्या नावासकट: भिकाजी! चाळीत पेपर मोठ्याने वाचला गेला. गिरणीतले माझ्या खात्यातले लोक तर महिनाभर सोडेनात. "काय भिकाजीशेठ, रात्रपाळीला काश्मीरला जाता काय? येताना सफरचंदं आणा की!" मला तोंड उघडायची सोय नव्हती. नाव माझं गाजत होतं आणि टिंगलही माझीच होत होती.

मग पलटणीतून सुटून ते आमच्याकडे राहायला आले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आल्या दिवसापासून खोलीत त्यांचंच राज्य. पहाटे उठून आपलं अंथरूण ते असं चौकोनी घडी घालत, की बायका आपापल्या नवऱ्यांना बोलावून दाखवत. शेजारचा शांताराम तर माझ्यावर चिडला, "भिकाजी, तुझ्या भावाला आवर रे, आमच्या घरात भांडणं लागताहेत." आमच्या सौभाग्यवतींचं एकच पालुपद, "जरा भावोजींकडे बघा." अहो, जन्मापासून दुसरं काय करतोय?

एके दिवशी नाक्यावर मोर्चा अडवला गेला आणि गोळीबार झाला. आम्ही सारे पळत येऊन जिन्याखाली दडलो. शांताराम मात्र रस्त्यातच पडला होता, मांडी धरून ओरडत होता. मी जागचा हललो नाही, हे सरळच सांगतो. सहदेवराव जिन्यावरून उतरले, अंगातला सदरा सारखा केला आणि दळण आणायला निघाल्यासारखे चालत रस्त्यावर गेले. शांतारामला पाठीवर घातला आणि परळच्या इस्पितळात नेऊन पोचवला. शांताराम वाचला. माझ्या छातीत तेव्हा अभिमान होता की जळफळाट, कुणी विचारू नये. दोन्ही होतं, पण जळफळाट जास्त होता.

इस्पितळाच्या दाराशी एका वार्ताहराने त्यांना गाठलं. "शाबास! नाव काय आपलं?" गोळीबार थांबल्यावर मीही मागोमाग पोचलो होतो, शेजारीच उभा होतो. सहदेवरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं. गोळ्यांतून चालत गेलेला माणूस, पण त्याला आपलं नाव सांगता येईना! शेवटी "राहू द्या" म्हणून ते बाहेर पडले. घरी आल्यावर जेवले नाहीत. मग म्हणाले, "दादा, पलटणीतले सोबती मला हाक मारतात ती तुझ्या नावाने. पदक तुझ्या नावाचं, सुटकेचा कागद तुझ्या नावाचा. आईने ठेवलेलं नाव लष्करात कुणाला ठाऊकच नाही. मी काय केलं ते मी केलं, एवढं एकदा कुणीतरी लिहून द्यावं. मग ते पदक काढून घेतलं तरी चालेल."

आमच्या वस्तीतले एक वकील चळवळीत पुढे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीर झाले. म्हणाले, अर्ज केला तर दोनच गोष्टी होतील. एक तर नाव दुरुस्त होईल, नाही तर खोट्या नावाने भरती झाल्याबद्दल पदक जाईल, पेन्शन जाईल, वर शिक्षाही होईल. सहदेवरावांनी अर्ज केला. वकिलांनी मला वेगळं बोलावलं. "तुम्ही फक्त खरं तेच सांगा, भिकाजीराव. 'मला ताप होता, मला ठाऊक नव्हतं', एवढंच. तुमच्या केसाला धक्का लागायचा नाही." मला ते पटलं. जन्मात पहिल्यांदा अशी जागा आली होती, जिथे मी नीट सुटणार होतो आणि ते अडकणार होते. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं, पण तितकं नाही वाटलं.

चौकशी कुलाब्याच्या लष्करी कचेरीत झाली. समोर मेजरसाहेब, बोलणं पुणेरी, चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांनी सहदेवरावांच्या खांद्यावरचा व्रण पाहिला, चौकीवरच्या सोबत्यांची नावं विचारली, सगळं जुळलं. मग त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"लढलात तुम्हीच, यात शंका नाही. पण मला एकच सांगा. भावाचं नाव तुम्ही चोरलंत का? तो अंथरुणात असताना, त्याला न कळू देता?"

सहदेवराव ताठ उभे होते. "होय साहेब. दादांना काही माहीत नव्हतं. वडिलांचाही दोष नाही. सगळं माझ्यावर लिहा."

आता बघा! बाबा जाऊन वर्षं झालेली, त्यांनाही वाचवलं, मलाही वाचवलं, आणि सगळं आपल्या खांद्यावर घेऊन हे उभे. तिकडे बर्फात तेच, इकडे नाक्यावर तेच, आणि आता माझ्या डोळ्यांदेखत कुलाब्याच्या कचेरीतही तेच! माझ्या अंगाची अशी लाही झाली, की वकिलांनी शिकवलेलं सगळं मी विसरलो.

"खोटं बोलतोय तो, साहेब!" मी उठून ओरडलो. "नाव माझं, पाळी माझी! मी चांगला शुद्धीवर होतो. मीच त्याला म्हटलं, जा माझ्या नावावर. थोरला भाऊ आहे मी, माझा शब्द तो मोडेल? चोरी कसली? मी पाठवला त्याला!"

"दादा, गप बस!" सहदेवराव म्हणाले.

"तू गप! कायम सगळं तूच करणार काय रे? पदक तू घे, हार तू घे. गुन्ह्यात तरी मला वाटा देशील की नाही?"

मेजरसाहेबांनी चष्मा काढला. "कमाल आहे," ते म्हणाले, "इथे एकेकाकडून कबुली काढताना माझा दिवस जातो, आणि तुम्ही दोघं तिच्यासाठी भांडताय." त्यांनी मला खाली बसवलं. हळूच विचारलं, "पुन्हा विचारतो. तुम्ही पाठवलंत, हे लिहून द्याल? तुमच्यावरही खटला होऊ शकतो." मी म्हटलं, "द्या कागद." सही ठोकली, आणि त्यातला शब्द न् शब्द खोटा होता. बाहेर आल्यावर वकील रागाने पुढे निघून गेले. सहदेवराव माझ्या शेजारून चालत होते. म्हणाले, "दादा, तुला खरंच शुद्ध नव्हती." मी म्हटलं, "तुला काय ठाऊक? तू तर गेला होतास."

मग नुसती वाट बघणं. त्या दिवसांत दारावर पोस्टमन दिसला की आमच्या सौभाग्यवती देवासमोर जाऊन उभ्या राहत. मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य झालं, लालबागभर गुलाल उधळला, आम्हीही नाचलो. पण घरी आलो की दोघेही आधी टपालाचं विचारायचो. त्यानंतर काही दिवसांनी उत्तर आलं. दोघांनाही ताकीद, पण पदक कायम, पेन्शन कायम, आणि लष्कराच्या कागदावर पहिल्यांदा त्यांचं स्वतःचं नाव: सहदेव. पदकही नवं नाव कोरून आलं. त्यांनी ते आधी माझ्या हातात ठेवलं. मी कडेवरची अक्षरं बोटाने चाचपली. माझं नाव तिथून गेलं होतं. खूप बरं वाटलं आणि तितकंच वाईटही वाटलं.

सहदेवराव नोंदीचा कागद वाचत होते. शेवटी एक शेरा होता, तो त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला: 'थोरल्या भावाच्या संमतीने त्याच्या नावावर भरती.' एवढंच. माझा लष्करात उरलेला हा एकमेव उल्लेख. तो आणल्याबद्दल मी सहदेवरावांचे आभार मानलेले नाहीत, आजही मानणार नाही.

आता त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांचे गुडघे, डोळे, कान सारं धड राहो. व्यायामशाळेतली सतरंजी दर रविवारी पसरली जावो, आणि ज्यांची नावं कागदांत हरवली आहेत त्या सगळ्यांना ती त्यांच्या हातून परत मिळोत. त्यांनी शंभरी पाहावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. हार घाला, भाषणं करा, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन आणि मनातून जळत राहीन.

फक्त एक गोष्ट सहदेवरावांना सर्वांच्या साक्षीने सांगून ठेवतो. परवा ते दवाखान्यात भरती होते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून होतो, आणि आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. मी थोरला आहे. जाण्याची पहिली पाळी माझी आहे. तिथे त्यांनी माझ्या आधी जायचं नाही. त्याला थोरल्या भावाची संमती नाही.