वासंतीकाकूंचं बोट आणि साडेपाच किलोचा ट्रिगर

तीन मराठी माणसांनी मिळून एखादी वस्तू नुसती वापरली, तर सांगण्यासारखं काही घडत नाही. पण त्यातला एक जरी म्हणाला, "हे जरा इम्प्रूव्ह करता येईल यार," की संपलंच. मग किस्से इतके साचतात की कोणाकडे जेवायला गेलं तरी पानं वाढायच्या आत तेच सुरू होतात. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत निम्म्या मराठी लोकांना हे सगळे पाठ आहेत. तुम्ही नवीन आहात, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

वस्तू म्हणजे माझं रिव्हॉल्व्हर. दचकू नका. पॉइंट टू-टूचं, छोटंसं, बारक्या गोळ्यांचं आहे. क्लबात जाऊन कागदाला भोकं पाडायची, एवढंच त्याचं काम. लायसन्स आहे, तिजोरी आहे आणि तिजोरीची किल्ली माझ्या गळ्यात असते. बायको, म्हणजे राजश्री, म्हणते की लग्नात एवढं मन लावून मंगळसूत्र बघितलं नव्हतंस!

तिघांतला पहिला मी, दुसरा मिलिंद. माझ्याच ऑफिसात आहे, पुण्याचा आहे, म्हणजे त्याला सगळं माहीत आहे. मी नागपूरचा, त्यामुळे मला राग लवकर येतो आणि भूकही. तिसऱ्या आमच्या समोरच्या घरातल्या वासंतीकाकू. नाशिकला शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या, मग मुलाने ग्रीन कार्ड करून इकडे आणलं. कॉलेजात एनसीसीत होत्या, तेव्हा रायफलचा नेम फार चांगला होता म्हणे. आम्ही क्लबला जातो हे कळल्यावर एका शनिवारी त्या पर्स घेऊन दारातच उभ्या राहिल्या. क्लबची छोट्या रिव्हॉल्व्हरची मॅच असते ना मे महिन्यात, त्यात मला उतरायचंय, म्हणाल्या.

* * *

आधी लायसन्स. त्यासाठी गावच्या पोलीस स्टेशनात इंटरव्ह्यू असतो. काकूंना मी घेऊन गेलो. ऑफिसर तरुण होता, हसतमुख होता. त्याने विचारलं, मॅडम, तुम्हाला हे कशासाठी हवंय?

लोक सांगतात स्पोर्ट, कोणी सांगतं प्रोटेक्शन. काकू ताठ बसून शाळेतल्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या की, मी आयुष्यभर वर्गात मुलांना सांगत आले, कॉलेजात माझा नेम एक नंबर होता. ते खरं होतं की थाप, हे आता मलाच आठवत नाही. तेवढं बघायचंय.

ऑफिसरने विचारलं, आणि नेम नसला तर?

"तर सगळ्या बॅचेसची माफी मागावी लागेल," काकू म्हणाल्या.

तो हसला नाही. खुर्चीत जरा सरळ झाला. लायसन्स आलं.

* * *

खरी पंचाईत क्लबात झाली. मॅचचा नियम असा की अंगठ्याने मागचा घोडा, म्हणजे हॅमर, आधी ओढून ठेवायचा नाही, सगळं काम एका बोटाने ट्रिगर ओढूनच करायचं. काकूंनी ओढला. ट्रिगर अर्ध्यात आला आणि थांबला. काकूंच्या त्या बोटात संधिवात आहे. परत ओढला, परत तेच. "हा ट्रिगर नाही, दुकानाचं शटर आहे," मिलिंद म्हणाला. काकू गाडीत बसल्यावर बोट चोळत राहिल्या, आणि मला फार वाईट वाटलं.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, आपल्या राज्याचा नियमच तसा आहे, इथे विकायची रिव्हॉल्व्हरं जड ट्रिगरचीच येतात. किती जड? ते मोजायचं एक खास यंत्र मिळतं म्हणे. मिलिंद म्हणाला, यंत्र कशाला, आहे की घरात!

भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकवाला काटा. तो नाही असं मराठी घर अख्ख्या अमेरिकेत दाखवा. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे आम्ही दोघांनी आळीपाळीने तपासलं, ट्रिगरला हुक अडकवला आणि मिलिंदने काटा वर ओढला. साडेपाच किलो! राजश्री स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणाली, "केबिन बॅगेत चालेल."

* * *

मग मिलिंदने कुठेतरी वाचलं की ट्रिगर ओढून ओढूनही मऊ होतो. पण या जातीच्या रिव्हॉल्व्हरला पूर्ण रिकामं वाजवलं तर गोळीला ठोका देणारी आतली टोचणी धातूवर आपटून खराब होते. आत काहीतरी भरावं लागतं. भिंतीत स्क्रू बसवायचे पिवळे प्लॅस्टिकचे प्लग असतात ना, ते त्यात अगदी फिट बसतात.

ते प्लग राजश्रीने देवघर भिंतीला लावायला आणले होते. आता दर शनिवारी संध्याकाळी काकू आमच्या सोफ्यावर बसून भिंतीकडे नेम धरून टक टक करायच्या, मिलिंद प्लग बदलून द्यायचा आणि मी पोहे करायचो. प्लग चेचले जायचे, नवे निघायचे. देव महिनोन् महिने डायनिंग टेबलवर होते. राजश्रीने एकदा मिलिंदला शांतपणे विचारलं, "भाऊजी, देवांना सांगू का तुमचं नाव?"

* * *

तेवढ्यात खंडेनवमी आली. आम्ही दरवर्षी लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या आणि माझा ड्रिल पूजेला ठेवतो. त्या वर्षी घरात पहिल्यांदाच खरोखरचं शस्त्र होतं, मग काय विचारता. रिकामं करून पाटावर ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं. त्या दिवशी राजश्रीच्या मैत्रिणी आल्या होत्या. प्रत्येकीने भक्तिभावाने हळद, कुंकू आणि अक्षता वाहिल्या. सढळ हाताने.

शनिवारी ट्रिगर ओढला तर आतून खलबत्त्यासारखा आवाज. साडेपाचाचे साडेसहा झाले. मिलिंद म्हणाला, आमच्याकडे पुण्यात शस्त्रावर पावडर टाकत नाहीत. राजश्री म्हणाली, तुमच्याकडे पुण्यात पाहुण्यांवर चहा तरी कुठे टाकतात!

शेवटी ते घेऊन वॉल्टकडे गेलो. वॉल्ट हा पलीकडच्या गावातला बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा. त्याने बाजूची पट्टी उघडली, चष्मा वर केला आणि आत बघत बसला. आत पिवळं, लाल आणि तांदळाचे दाणे. त्याने फार सभ्यपणे विचारलं की हे इंडियातलं काही खास वंगण आहे का?

मिलिंदने त्याला देवीपासून सगळी कथा सांगितली. पांडवांचीही सांगितली. वॉल्टने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी देवाला सांगा, झिपलॉकमधून आशीर्वाद दे."

* * *

साफसफाई करून त्याने आतले भाग घासून गुळगुळीत केले आणि हलकी स्प्रिंग टाकली. ट्रिगर असा सुटला की काय सांगू, लोण्यात सुरी! काकूंनी रेंजवर एका दमात सहा वेळा ओढला. एकच गोळी उडाली. बाकी पाच वेळा नुसतं टक.

वॉल्टला विचारलं तर म्हणाला, अहो, या बारक्या गोळीच्या कडेवर जोरात ठोका बसला तरच ती उडते. स्प्रिंग हलकी केली की ठोकाही हलका. म्हणजे झालं असं, की हलकं केलं तर उडत नाही आणि उडेल असं केलं तर काकूंना ओढवत नाही. "माझ्या जावेसारखं आहे," काकू म्हणाल्या. "हळू बोललं तर तिला ऐकू येत नाही, आणि जोरात बोलायची माझ्यात ताकद नाही."

हिवाळाभर हेच चाललं. वॉल्ट एक स्प्रिंग काढायचा, दुसरी घालायचा. आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या आणून बघायचो. काकू गरम पाण्यात हात धरून रबरी बॉल दाबायच्या. मार्चमध्ये एकदा म्हणाल्याही, "राहू दे रे पोरांनो. थाप होती असं समजू." त्या दिवशी पोहे कोणालाच गेले नाहीत.

एप्रिलच्या शेवटी बॅगांचा काटा साडेतीनवर आला, आणि त्या दिवशी काकूंनी ट्रिगर ओढला तेवढ्या वेळा गोळी उडाली.

* * *

आता मॅच. काकू सहा नंबरच्या जागेवर, शेजारी सातवर मिलिंद क्लबचं रिव्हॉल्व्हर घेऊन. मी मागे, कानावर आवाज अडवणारे मफ लावून. प्रत्येकाला सहा गोळ्या. मिलिंदने धडाधड उडवून टाकल्या. काकू सावकाश. ओढायच्या, हात खाली आणायच्या, बोट उघडमीट करायच्या, परत उचलायच्या. सहाच्या सहा उडाल्या. मला रडू यायचं बाकी होतं. आमचं वर्षाचं काम झालं होतं, आता फक्त काकूंचा नेम कळायचा राहिला होता.

रेंज ऑफिसर कागद काढून घेऊन आला. काकूंचा कागद त्याने टेबलावर ठेवला. कोरा! एक भोक नाही. काकूंनी तो उलटा करून पाहिला, परत सुलटा केला आणि खुर्चीवर बसल्या.

मग त्याने मिलिंदचा कागद ठेवला. त्यावर बारा भोकं होती. सहा मधल्या काळ्या गोलात, एका लाडवाखाली झाकली जातील एवढी जवळजवळ. आणि सहा चारी कोपऱ्यांत, गावभर फिरल्यासारखी. ऑफिसर हसायला लागला. म्हणाला, मॅडम शेजारच्या कागदावर मारून बसल्या, नियमाने त्यांना शून्य.

मिलिंदने कागदाकडे नीट पाहिलं, घसा साफ केला आणि शांतपणे म्हणाला, "मधली सहा माझी."

काकू उठल्या. चष्मा पुसून लावला, कागद उचलून उजेडात धरला. बराच वेळ बघितला. मग त्याची नीट चौघडी केली आणि पर्समध्ये टाकली.

"काकू, ते माझं टार्गेट आहे," मिलिंद म्हणाला.

"हो ना," काकू पर्सची चेन लावत म्हणाल्या. "बाहेरची सहा तुझी आहेत. घरी गेल्यावर कापून देते."