ज्याला काम येतं तोच चोर

चिमाजीला ती गोष्ट विसरता आली नाही, आणि खरं सांगायचं तर विसरावी असं त्याला कधी वाटलंही नाही.

डिंगोऱ्याच्या अलीकडच्या वाडीत विहिरीवरची मोटार सोडवणं, जळलेल्या मोटारीचं वायंडिंग भरणं, ती परत बसवणं हे काम येणारा तो एकटाच. चौऱ्याण्णव साली चांगदेवच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. पाइप कुठं कापलेला नव्हता, नटबोल्ट नीट सोडवून कठड्यावर ठेवलेले होते. चांगदेव आणि चिमाजी एकाच वयाचे, त्याच विहिरीत पोहायला शिकलेले. पण चांगदेव आता वाडीतला बडा माणूस झाला होता. त्यानं खंडोबाच्या देवळापुढं माणसं जमवली आणि बोट रोखलं.

"काम येनाऱ्यानंच नेलीय. काम येतंय कुणाला? चिमाजीला. मग आनखी काय बघायचं ऱ्हायलं?"

काम आल्याशिवाय मोटार सुटत नाही, हे कबूल. पण काम येतं म्हणून चोरी केलीच, हे कुठलं शहाणपण? कोयत्याशिवाय ऊस तुटत नाही, म्हणून कोयतेवाल्या प्रत्येकानं काय दुसऱ्याचा ऊस तोडला? एवढं विचारायला त्या गर्दीत एकाची जीभ उचलली नाही. चिमाजीनं भंडारा उचलून देवाची शपथ घेतली. लोक म्हणाले, "चोर तर शपथ घेनारच की." आणि आपापल्या घरी गेले. पुढं त्याची बायको प्रयागबाई हळदीकुंकवाला गेली की त्या घरच्या बायका आतल्या खोलीला कडी लावून घेत.

चिमाजीनं वाडी सोडली नाही. आतून मात्र तो पेटला होता. मोटार बिघडली म्हणून कुणी बोलवायला आलं की तो जायचा, विहिरीच्या काठावर उभा राहायचा आणि हात मागं बांधायचा.

"मी हात लावनार न्हाई. सांगतो तसं तुमीच सोडा."

उन्हाळ्यात कांदा करपायला लागल्यावर माणूस कशाला अडून बसतो? एकेक जण पाना धरायला शिकला. वायंडिंगसाठी सुटलेल्या मोटारी जुन्नरला जाऊ लागल्या.

"आपल्याच पोटावर पाय देताय," प्रयागबाई करवादायची.

"देऊ दे. पर ह्या वाडीत अडानी एकबी ठेवायचा न्हाई मला."

सगळ्यात मन लावून त्यानं चांगदेवला शिकवलं. चांगदेवही मग पारावर मिशीला पीळ देत सांगायचा, "अर्ध्या तासात मोटार खाली. कुनाची गरज न्हाई आपल्याला."

चिमाजी ते ऐकायचा आणि आपल्या वाटेनं जायचा. अशी दहा वर्षं गेली.

दोन हजार चार साली पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. नटबोल्ट तसेच, कठड्यावर. माणसं परत खंडोबापुढं जमली. या वेळी आधी चिमाजी उठला.

"काम येनाऱ्यानंच नेलीय. ह्यो कायदा हितंच ठरलाय. काम येतंय त्यांनी हुबं ऱ्हावा."

कुणी हलेना. मग एक उठला, दुसरा उठला, बघता बघता वीस-बावीस जण उभे राहिले. चांगदेव मांडी घालून बसलेलाच.

"चांगदेवभाऊ, अर्ध्या तासात खाली ना?"

चांगदेवला उठावं लागलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "काम येतंय म्हंजी काय चोर झालो व्हय मी?"

हे वाक्य याच तोंडून ऐकायला चिमाजी दहा वर्षं थांबला होता. त्याच्या काळजाला गार वाटलं. त्यानं भंडाऱ्याची वाटी पुढं सरकवली. "मग उचला."

चांगदेवनं भंडारा उचलला, शपथ घेतली. तेवढ्यात मागून प्रयागबाईचा खणखणीत आवाज आला.

"चोर तर शपथ घेनारच की!"

चांगदेवनं आजूबाजूला पाहिलं. कुणीच त्याच्याकडं बघेना. शेवटी तो चिमाजीकडं वळला. "चिमाजी, तू तरी सांग ह्यांना. मी न्हाई नेली, तुला ठावं हाय."

"ठावं हाय," चिमाजी म्हणाला. "तवा तुलाबी ठावं व्हतं."

आणि पायात वहाणा सरकवून तो बायकोबरोबर घरी निघाला.