पायाला हात लावू नका

कुत्र्यांचे केस-नखं कापणाऱ्या कात्रीताईंच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी ओल्या केसांचा वास येतो आणि मग बोलणी बसतात. कुत्र्याला नव्हे, मालकाला. "नखं बघा ही! स्वतःची एवढी वाढवून चार पावलं चालून दाखवा!" असं त्यांनी भल्याभल्यांना सुनावलं आहे. कुत्र्यांशी मात्र तोंडात साखर. नवरा एकदा म्हणाला, "माझ्याशीही कधी असं बोल की." त्यावर ताई म्हणाल्या, "मग हूं की चूं न करता टबात बसायला शिका."

त्यांची एक पद्धत होती. कात्रीला हात लावण्याआधी त्या चष्मा काढून ठेवत आणि डोळे मिटून कुत्रा नाकापासून शेपटीपर्यंत चाचपत. "डोळ्यांना नुसते केस दिसतात," त्या म्हणत. त्या चाचपण्यात कुणाच्या पोटातली गाठ सापडली होती, कुणाचा पिकलेला कान. औषधाच्या भानगडीत मात्र त्या पडत नसत. सरळ डॉक्टरकडे धाडत.

एका दुपारी एक आजोबा आले. हातांत चादरीत गुंडाळलेली पांढरी, झुबकेदार कुत्री.

"हिला छान आंघोळ घाला ताई. उद्या डॉक्टरांकडे कायमचं झोपवायला न्यायचंय."

"डॉक्टर म्हणाले तसं?"

"ते म्हणाले, आणा, तपासून ठरवू. पण मला दिसतंय ना! पंधरा दिवस उठत नाही. बारा वर्षांची झाली. माझ्या बायकोची ही. ती गेल्यापासून मी रोज विंचरतो, तिच्याच ब्रशनं."

ताईंनी चष्मा काढला. पाठ कशी मऊ लागली! बोटं खाली सरकली आणि थबकली. काखेत, पोटाखाली केस गुंतून-चिकटून त्यांचा नमदा झाला होता, पाय टाकला की कातडी ओढली जावी इतका घट्ट. मग पुढचा पाय धरला तशी कुत्री गुरगुरली.

"पायाला हात लावू नका," आजोबा घाईनं म्हणाले. "तिला आवडत नाही. वर्षभर मीही नाही लावला. बिचारीला कशाला त्रास?"

"लाडानं वाट लावलीत हो काका!" ताई बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

नमदा उतरवायला दीड तास लागला. पंजावरचे केस निघाले तेव्हा अंगठ्याचं नख दिसलं. गोल वळून ते परत मांसात रुतलं होतं. दुसऱ्या पायाचंही तसंच. ताईंनी वळणावर नखं कापली आणि कुत्रीला जमिनीवर ठेवलं.

ती थरथरली. उभी राहिली. लंगडत दोन पावलं टाकून आजोबांच्या बुटावर हनुवटी टेकून बसली.

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे उद्या मी हिला..." ताईंनी खाली वाकून कुत्रीचा पंजा पुन्हा एकदा हलकेच चाचपला.

"रुतलेले तुकडे डॉक्टर काढतील," त्या म्हणाल्या. "उद्यावर ढकलू नका, आत्ताच जा. आणि दर महिन्याला इथे यायचं. चुकलात तर घरी येऊन बोलेन."

आजोबांनी मान हलवली. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "ब्रश बदलू का?"

"ब्रश तोच ठेवा. फक्त खालूनही फिरवा."

आजोबांनी तिला उचलायला चादर पसरली. पण कुत्री चादरीला वळसा घालून, लंगडत, त्यांच्या आधी दाराबाहेर पडली.